नेटला कडी

शाहूपुरीतल्या फ्लॅटमध्ये विमलाबाई एकट्याच राहत. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा अभिराम नोकरीनिमित्त बंगळुरात. आई पडली-बिडली तर कळावं म्हणून त्याने हॉलमध्ये मोबाइलवरून बघता-बोलता येईल असा कॅमेरा बसवला होता. विमलाबाई रोज दुपारी चांगली साडी नेसून त्याच्यासमोर बसत. आज कोणती भाजी केली, गुडघा कसा आहे, सगळं सांगत. उत्तर येत नसे. पण पोरगा बघतोय, एवढ्यावर त्यांचा दिवस निघे.

एका दुपारी कॅमेऱ्यातून आवाज आला, "साडी छान आहे, आजी."

आवाज अभिरामचा नव्हता. त्याच्यामागे आणखी कोणीतरी हसलं.

विमलाबाईंनी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. लाजेपोटी त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. टॉवेल तसाच राहिला, आणि "कॅमेरा का झाकलाय?" असं विचारणारा फोनही आला नाही. शेवटी शेजारच्या क्रांतीनं, अभिरामच्या शाळासोबतिणीनं, तो टॉवेल पाहिला. सगळं ऐकून तिनं तिथूनच त्याला फोन लावला.

"आईला बघायला कॅमेरा लावलास न्हवं? परकी माणसं बघत बसल्यात की रं तिला!"

अभिराम मिळेल त्या गाडीने आला. कॅमेऱ्याचा पासवर्ड खोक्यावर छापून आलेलाच राहिला होता, कोणालाही सहज सापडेल असा. तो त्याने बदलला. मग माळ्यावरचा वडिलांचा जुना कॉम्प्युटर काढला, पुसला, त्यात आणखी एक नेटवर्क कार्ड बसवलं आणि घरचं नेट त्यातून फिरवलं.

"याला फायरवॉल म्हणतात, आई. बाहेरून कोणी घुसायला बघितलं तर हा दारातच अडवेल."

"हे आधी का नाही केलंस?"

"लक्षातच आलं नाही."

"आणि तू? तू कधी बघायचास मला?"

अभिरामने मान खाली घातली. "सुरुवातीला बघायचो. दिवाळीनंतर मोबाइलवर कॅमेरा उघडलाच नाही."

"म्हणजे एवढे दिवस मी त्या लोकांनाच गुडघ्याचं दुखणं सांगत होते," विमलाबाई म्हणाल्या. "परक्याला अडवायचं काम यंत्र करेल, अभिराम. माझी विचारपूस तुलाच करावी लागेल. ती त्याच्या गळ्यात घालू नकोस."

अभिरामचे डोळे भरून आले. "चुकलो, आई. कॅमेरा काढू का?" त्याने पहिल्यांदाच तिला विचारलं.

"इथून काढ. बाहेर दारावर लाव. कोण आलंय ते मला दिसू दे."

आता अभिराम रोज संध्याकाळी फोन करतो. एखाद्या दिवशी विसरतो, तेव्हा घर पूर्वीसारखंच सुनं वाटतं. मग विमलाबाई स्वतःच त्याला फोन लावतात.

मंडळी, आपण दाराला कुलूप लावतो आणि घरचं नेट मात्र सताड उघडं ठेवतो. तिथेही कडी घाला. अडगळीतला जुना कॉम्प्युटरही त्या कामी येतो. मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसावर नजर ठेवण्याआधी त्याला विचारा, आणि त्याच्याशी बोलायला वेळ काढा. ते काम करणारं यंत्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.