चित्रातला मामा

माझा सगळ्यात धाकटा मामा सहाव्या वर्षी तापाने गेला. त्याचा एकही फोटो नाही. आणि सत्तरी ओलांडलेल्या आईला आता त्याचा चेहराच आठवेनासा झाला होता. त्याची तिला इतकी टोचणी लागली, की तिने माझ्यामागे तगादाच लावला. चित्रकारांच्या घरी घेऊन चल, तिथे आम्हा दोघांचं चित्र आहे.

चित्रकार म्हणजे तिच्या लहानपणचे शेजारी. पुढे त्यांचं मोठं नाव झालं आणि ते गेल्यावर घराचं संग्रहालय झालं. शेजाऱ्यांकडे तिकीट काढून जायचं, म्हणून आई वाटभर कुरकुरत होती. स्वयंपाकघरातल्या लखलखीत कपबशा बघून तर तिने जाहीरच केलं, की हे त्यांचं घर नव्हे. त्यांच्याकडे कपात चहा कमी आणि ब्रश जास्त असायचे.

चित्र वरच्या मजल्यावर, त्यांच्या स्टुडिओत होतं. खिडकीपाशी एक मुलगी उभी, शेजारी भलीमोठी कुंडी. मुलगा कुठेच नाही. गाइड मुलगी सगळ्यांना सांगत होती, की मुलीची ती अर्धवट मिटलेली मूठ म्हणजे माणसाचं एकटेपण. आईचा चेहरा पार उतरला. मला रागच आला. चित्रकारांचा, त्या गाइडचा, आणि या वयात वेडी आशा धरून बसलेल्या आईचाही.

“एकटेपण कसलं? मी भावाचा हात धरला होता,” आई म्हणाली. “सारखा चुळबुळायचा ना तो.”

गाइड मुलगी खजील वगैरे झाली नाही. तिचे डोळेच चमकले. चित्राची डागडुजी करताना त्याचा एक्स-रे काढला होता म्हणे. कुंडीखाली काहीतरी दिसत होतं, पण ते काय, हे कुणालाच उलगडलं नव्हतं. ती आम्हाला ऑफिसात घेऊन गेली आणि तिने संगणकावर तो उघडला.

आईच्या मुठीत एक छोटा हात होता. पुढे सैलसा सदरा. आणि त्यावर एक सोडून चार डोकी. एक खिडकीकडे वळलेलं, एक पायांकडे, एक वर, एक आईकडे. पोरगं हललं की चित्रकार नव्याने रंगवत गेले असणार, आणि शेवटी वैतागून वर कुंडी ठेवून मोकळे झाले. नाकडोळे काढायची वेळ काही आलीच नव्हती.

चेहरा बघायला आलो आणि ही चार कोरी डोकी पदरात पडली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

पण आई हसत होती. डोळ्यांतून धार लागली होती, तरी हसत होती.

“हाच तो,” ती म्हणाली. मग तिच्याकडे वळलेल्या डोक्यावर तिने बोट ठेवलं. “इथे मला विचारतोय बघ. ताई, झालं का? जाऊ का मी?”

बराच वेळ तिने बोट काढलं नाही.

“झालं हं, राजा,” ती हळूच म्हणाली. “हल आता हवं तेवढं.”