रुतलेल्या बांगड्या

"पाय सुजले तर पायांखाली उशी घे. पण हात आणि तोंड सुजलं, तर थेट दवाखान्याची बस पकड," असं देवकिरुबै नर्सनं पूंगोडीला पाचव्या महिन्यातच बजावलं होतं. पूंगोडीनं ते हसण्यावारी नेलं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईला गावची नर्स सूज शिकवतेय!

सातव्या महिन्यात तिचं वळैकाप्पु, म्हणजे बांगड्या भरायचं डोहाळजेवण, झालं. सासरच्या बायकांनी चंदन लावून तिचे दोन्ही हात हिरव्या-लाल काचेच्या बांगड्यांनी भरले, पानात पाच तऱ्हांचा भात वाढला, आणि मग आई तिला बाळंतपणासाठी मन्नारगुडीला घेऊन आली. त्या बांगड्या बाळ होईपर्यंत काढायच्या नसतात. त्यांची किणकिण पोटातलं बाळ ऐकतं म्हणतात, आणि मध्येच उतरवल्या तर बाळावर येतं, असंही म्हणतात.

माहेरी शरीर रोज नवी तक्रार घेऊन उभं राहायचं. जेवलं की छातीत आग, पहाटे पोटरीत गोळा, बेंबीखाली कुठून तरी उमटलेली काळी रेघ. पूंगोडीनं प्रत्येकावर तोडगा शोधला. थोडं थोडं खायचं, डाव्या कुशीवर निजायचं, गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची. आईला काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "असं होतंच गं." पुढे पुढे तीही स्वतःची तीच समजूत घालू लागली. म्हणून आठव्या महिन्यात बांगड्या मनगटात रुतायला लागल्या, तेव्हा सगळ्या कुरबुरींत आणखी एकीची भर पडली, एवढंच तिला वाटलं.

आईला निराळंच दिसलं. "तुझ्या सासूनं माप न बघताच उचलून आणल्यात!" तिनं लगेच फोन लावला.

"विहीणबाई, माप घेऊनच आणल्यात हो," पलीकडून सासूबाई कडाडल्या. "तुम्ही लेकीला मुरुक्कू चारून चारून फुगवलीत, त्याला माझ्या बांगड्या काय करणार?"

पूंगोडीला हसू आलं. दोन दिवस कपाळ ठणकत होतं, ते तिनं उन्हावर ढकललं. सांगितलं असतं तर आईनं घर डोक्यावर घेतलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेपर वाचताना अक्षरांवर काजवे चमकले. डोळे चोळले, तरी जाईनात. "अम्मा, या बांगड्या फार दुखतायत," एवढंच ती बोलली. आई तिला देवळाच्या रस्त्यावर रहमत अम्माळच्या बांगड्यांच्या दुकानात घेऊन गेली. "साबण लावून जरा वर सरकवून दे. काढायच्या मात्र नाहीत हं."

चाळीस वर्षं गावातल्या लेकींचे हात भरत आलेली ती बाई. साबणाला तिनं हातही लावला नाही. पूंगोडीच्या पंजावर अंगठा दाबला, उचलला. खळगा तसाच राहिला.

"विशालम, बांगडी मापाचीच आहे. हात बदललाय. हिचे डोळे बघ, कसे आत गेलेत सुजेनं! डोकं दुखतं का गं पोरी?"

"थोडं," पूंगोडी म्हणाली. मग तिला रडूच फुटलं. "थोडं नाही, खूप दुखतंय. डोळ्यांपुढे काजवे येतात."

"अगं, मग मला का नाही बोललीस?" आई किंचाळली.

पोटात बाळानं सावकाश कूस बदलली. पूंगोडीनं दोन्ही हात पुढे केले. "वाढवा या, अम्माळ. सगळ्या. दवाखान्यात सुई टोचायला जागा तरी हवी."

"एक तरी राहू दे!" आई रडकुंडीला आली. "तुझ्या सासरी काय सांगू मी?"

पूंगोडीनंच सासूला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मग मला फोन काय करत बसलीस? आधी रिक्षात बस! बांगड्यांचं भांडण मी तुझ्या आईशी नंतर निवांत करीन."

रहमत अम्माळनं बांगड्यांखाली कापडाची पट्टी सरकवली आणि एकेक करून सगळ्या वाढवल्या. खाली मनगटावर लाल वळ उमटले होते.

दवाखान्यात रक्तदाब एकशे सत्तरवर निघाला. आणखी उशीर झाला असता तर झटके येऊ शकले असते, डॉक्टरीण म्हणाली. दहा दिवस त्यांनी तिला डोळ्यांत तेल घालून सांभाळलं, आणि दिवस भरायच्या पाच आठवडे आधीच मुलगी झाली. दोन किलोची, पण आवाज खणखणीत.

मुलीला मांडीवर घेतलं की पूंगोडीला अजून एकच गोष्ट छळते. ती एकटी नव्हती. भोवती सगळी मायेचीच माणसं होती, आणि तरी ती स्वतः काही बोलली नाही, त्यांनीही खोदून विचारलं नाही. तीन दिवस "बरी आहे" एवढ्यावरच भागलं.

तुमच्या घरात, शेजारी, ऑफिसात कुणाला दिवस गेले असतील, तर आज तिच्याकडे एक चक्कर मारा. "बरी आहे" असंच म्हणेल ती. तुम्ही उठू नका. जरा बसा, आणि पुन्हा विचारा.