कोरा दोरा

“अगं, किती मेण चोपडतेस? शीड शिवायचंय का मेणबत्ती करायचीय?” ओबेड दारातूनच ओरडला.

बेउलाने मान वर केली नाही. मेणाची वडी तिने शेगडीजवळ ठेवून मऊ केली होती. तिच्यावरून दोरा दोनदा ओढायचा, मग चिमटीत धरून गरम होईपर्यंत चोळायचा, म्हणजे मेण आतल्या पिळापर्यंत जातं. आईच्या मागे ती हेच करत आली होती आणि आता चाळिशी उलटली होती.

“समुद्रावर जाणारा दोरा आहे हा. तुझ्या खानावळीतला नाही.”

“आपल्या खानावळीतला म्हण. शनिवारपासून.”

ओबेड हिमेलमनने जन्मभर मासेमारीच्या जहाजांवर स्वयंपाक केला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता त्याने दूर ग्लॉस्टर बंदरात खानावळ घेतली होती आणि बेउलाला लग्नाचं विचारलं होतं. ती इतक्या पटकन ‘हो’ म्हणाली की तिची तिलाच लाज वाटली. माझ्या हाताला कांद्याचा वास, तुझ्या हाताला मेणाचा, जमेल आपलं, असं तो म्हणाला होता. त्या रात्री ती कितीतरी वेळ एकटीच हसत होती.

कोपऱ्यात तिची प्रवासाची बॅग तयार होती. कॅनव्हास तिनेच कापला, तिनेच शिवला आणि दोऱ्याला नेहमीपेक्षा जास्त मेण लावलं. कधी नव्हे ते स्वतःसाठी काही शिवलं होतं.

“जा की,” तिचा म्हातारा बाप टायटस शिवणाच्या बाकावरून म्हणाला. “मी काय तुला बांधून ठेवलंय?”

हे वाक्य बेउला लहानपणापासून ऐकत होती. बाप ते मनापासून म्हणायचा, आणि दर वेळी काहीतरी आडवं यायचंच. या वेळी मात्र तिने चोख तयारी केली होती. हिवाळाभर खपून वर्षभर पुरेल इतक्या दोऱ्याला मेण लावून डाव्या खोक्यात भरून ठेवलं होतं. उजव्या खोक्यात कोरा, बिनमेणाचा दोरा. बाबांची नजर अधू झाली होती, पण ते बोटांनी शिवतात हे सगळ्या लुनेनबर्ग गावाला ठाऊक होतं. शिडाच्या कोपऱ्यावर टायटस निकलचा शिक्का दिसला की खलाशांच्या बायका निर्धास्त व्हायच्या.

ओबेड तिकिटांचं बघायला गेला. “बाबा, जेवायला चला. खारा मासा आणि बटाटे आहेत,” असं म्हणत बेउलाने शिडाची कड आवरायला उचलली आणि तिचा हात शिवणीवर थबकला. शिवण खरखरीत होती, कोरडी. सकाळपासून बाबांनी घातलेला प्रत्येक टाका कोऱ्या दोऱ्याचा होता.

कोरा दोरा धुक्यातलं पाणी पितो, टाक्यातच कुजतो आणि पहिल्या मोठ्या वाऱ्याला शिवण उसवते. हे शीड कॉर्कम भावांच्या जहाजाचं होतं. दोघांच्या घरी लहान पोरं.

तिने दोन्ही खोक्यांतला एकेक दोरा बापासमोर धरला. “बाबा, यातला मेण लावलेला कुठला?”

“परीक्षा घेतेस होय गं बापाची?” टायटस हसला. त्याने आधी एक चोळला, मग दुसरा. पुन्हा पहिला. तरुणपणी होडीत गारठलेली ती बोटं बराच वेळ फिरत राहिली, आणि तो खिडकीकडे बघत राहिला. “हा,” तो ठामपणे म्हणाला.

कोरा होता.

चुकलात म्हटलं असतं, तर दुकान त्याच दिवशी बंद झालं असतं. ज्याच्या शिडांवर अर्धं गाव घरी परतलं, तो माणूस रिकाम्या हातांनी खिडकीत बसला असता. फार दिवस काढले नसते त्याने. आणि गप्प राहून निघून गेलं, तर पोरं बापाविना राहणार.

“बरोबर, बाबा,” बेउला म्हणाली.

आपण येणार नाही, असं संध्याकाळी धक्क्यावर तिने ओबेडला सांगितलं.

“म्हाताऱ्याने अडवलं?”

“नाही रे. ते तर जाच म्हणतात.”

“मग माझं काय चुकलं?”

“तुझं काही चुकलं नाही.”

“कारण तरी सांगशील?”

ओबेड सोन्यासारखा माणूस, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे; सांगितलं असतं तर गावभर झालं असतं. त्याने टोपी काढली, परत घातली. “खानावळीला कुणीही बाई मिळेल गं,” तो म्हणाला. “मी खानावळीसाठी नव्हतं विचारलं.”

शनिवारी बोटीचा भोंगा वाजला तेव्हा बापलेक दोघंही बाकावर होती. बाप जेवायला गेला की ती शिवण उसवून पुन्हा घालत होती. आता खोकी तिने आपल्याकडे ओढली होती आणि दोरा स्वतः त्याच्या हातात देत होती. डावं खोकं लांब होतं, बॅग पायाशीच. तिने बॅगेच्या शिवणीतून एक लांब, मेणाने चोपडलेला दोरा ओढून काढला.

“बोट सुटली वाटतं,” टायटस म्हणाला. “गेली नाहीस? मी काय तुला बांधून ठेवलंय?” आणि सवयीने तिच्याकडे न बघता हात पसरला.

तिने दोरा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो चिमटीत चोळला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“कोराच आहे की हा. लक्ष कुठे असतं तुझं? नीट मेण लाव.”

“लावते, बाबा,” बेउला म्हणाली. तिने दोरा परत घेतला, वडी गुडघ्यावर ठेवली आणि त्याला पुन्हा मेण लावू लागली.