सॅमन, साम आणि गुरुजींचे फोन

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझी पाठ दोनदा उसवली आणि दोनदा खळ लावून चिकटवली गेली. माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला, पण सगळे तारुण्य गेले ते मंडणगड तालुक्यातल्या एका डोंगरावरच्या शाळेत.

बाबाजी गुरुजींनी मला पहिल्या पगारातून विकत घेतले. त्यांच्या वडिलांना लहानपणी शाळेच्या आत बसू दिले नव्हते. बाहेरून कानावर पडले तेवढेच ते शिकले. म्हणूनच असेल, गुरुजी माझ्याशी फार अदबीने वागत. हात धुऊन मला उघडत. पावसाळ्यात पानांना बुरशी येऊ नये म्हणून चुलीवरच्या फळीवर ठेवत.

स्पेलिंग चुकू नये म्हणून ते मुलांकडून प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणवून घेत. “साल्मन!” असे गुरुजी म्हणाले की अख्खा वर्ग “साल्मन!” ओरडे. “प्साल्म!” म्हणताना तर थुंकी उडे आणि वर्ग हसून लोळे. “लिहिलेलं अक्षर गप्प बसवायचं नाही,” असे गुरुजी म्हणत. खरे उच्चार माझ्यात देवनागरीत छापलेले होते: सॅमन, साम. गुरुजींना ते माहीत होते. आधी स्पेलिंग पक्के होऊ दे, उच्चार मागाहून सांगू, असे त्यांच्या मनात होते. पण दर जूनला नवी मुले येत आणि जुनी मुंबईला नाहीतर बंदरावर कामाला निघून जात. सांगायचे राहूनच गेले.

निवृत्तीनंतर गुरुजी रत्नागिरीला, मिरकरवाड्याजवळ, लेकीकडे, आम्रपालीकडे, राहायला आले. मीही आलो. पण आम्रपालीच्या फोनमध्येच सगळे शब्द होते. मी कपाटावर पंख्याच्या खोक्याखाली चार वर्षे पडून राहिलो. कसरीने माझा झेड जवळजवळ संपवला. कोणी तरी हाक मारील म्हणून मी वाट पाहत असे.

एका शुक्रवारी आम्रपाली परदेशात मासे पाठवणाऱ्या एका कचेरीत मुलाखतीला गेली. तिकडच्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचे काम होते. ती परतली ती चप्पल भिरकावतच.

“बाबा, साल्मनमधला एल बोलतात काय?”

गुरुजींनी हातातला पेपर खाली ठेवला.

“रावसाच्या खोक्यावर इंग्रजीत तेच नाव होतं. मी मोठ्यानं वाचलं, तर मुलाखत घेणारे दोघंही एकमेकांकडे बघून हसले. सोमवारी परत बोलावलंय. पण आता माझं तोंडच उघडायचं नाय.”

गुरुजी स्टुलावर चढले. मला खाली काढून सदऱ्याच्या बाहीने पुसले. एसच्या पानावर त्यांचे बोट थांबले. “सॅमन,” ते हळूच म्हणाले. “मला ठाऊक होतं गो. सांगायचं राह्यलं.”

“मलाच राह्यलं, की सगळ्यांनाच?”

गुरुजी मला घेऊन खाटेवर बसले. म्हणाले, “महिपतचा नंबर लावून दे.”

महिपत त्यांचा विद्यार्थी. आता पन्नाशीला आला आहे आणि जयगडच्या बंदरात क्रेन चालवतो.

“महिपत, सॅमन म्हण. एल गप्प.”

“गुरुजी, तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे. आता साम म्हण. पी आणि एल दोघंही गप्प. साम म्हणजे स्तोत्र. मी चुकीचं शिकवलं तुला.”

पलीकडे महिपत असा हसला की गुरुजींनी फोन कानापासून लांब धरला.

“स्तोत्र होय! अहो, एका बोटीवर एक खानसामा यायचा. सकाळी भेटला की सांगायचा, आताच साम वाचून आलो. मला वाटायचं, साम त्याचा भाऊ, त्याचं पत्र आलं असेल. दर खेपेला विचारायचो मी, साम बरा आहे ना?”

आम्रपालीचा राग कुठल्या कुठे पळाला. ती पोट धरून हसत होती.

मला मांडीवर घेऊन गुरुजींनी दोन दिवसांत एकेचाळीस फोन केले. “गुरुजी, आम्ही रावसच म्हणतो,” गावाहून त्यांची विद्यार्थिनी सखू म्हणाली. “त्यात कोण गप्प बसत नाय.” गुरुजींनी हसत पुढचा नंबर लावायला सांगितला.

सोमवारी आम्रपाली मला पिशवीत घालून कचेरीत घेऊन गेली. सॅमन तिने झोकात वाचला. पुढच्या कागदावर मात्र एक शब्द अडला. “हा मला येत नाही, बघून सांगते,” असे म्हणून तिने मला टेबलावर उघडले. या वेळी कोणी हसले नाही. दोघेही वाकून माझ्यात पाहू लागले, कारण तो शब्द त्यांनाही येत नव्हता. काम तिला मिळाले.

रविवारी महिपत, सखू आणि आणखी चौदा जण रावसाच्या कालवणाला आले. पांढऱ्या केसांची ती मुले घर दणाणून टाकत “साम!” म्हणाली, आणि गुरुजींनी भर पंगतीत डोळे पुसले. महिपतने मला नवे जाड कव्हर घातले.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना अधूनमधून ऊन दाखवा, कसर झटका. शब्द अडला तर लाजू नका, उघडा आणि बघा. चुकीचा उच्चार ऐकून मी आजवर कोणालाही हसलेलो नाही. आणि तुमच्याकडून कोणाला काही चुकीचे शिकवले गेले असेल, तर फार उशीर झाला म्हणून थांबू नका. गुरुजींना अजून अकरा फोन करायचे आहेत. मी त्यांच्या मांडीवर उघडा आहे, आणि पलीकडे घंटी वाजते आहे.