मीठ घातलंय

मी रोज उठल्यापासून दुपारी बाराचे ठोके पडेपर्यंत बोलत नाही. अकरा वर्षं झाली या नेमाला. घरच्यांची अडचण नको म्हणून पहिल्याच आठवड्यात मी एक सूट घेतली होती, लिहिलेलं चालेल. तेव्हापासून ओट्याच्या कोपऱ्यात एक दगडी पाटी आणि खडूचा तुकडा असतो. दूध उतू चाललंय, दूधवाला येऊन गेला, किल्ली फ्रिजवर आहे, असा आमचा सकाळचा सगळा कारभार त्या पाटीवर चालतो. माझे दीर म्हणतात, "वहिनींचं रेडिओ स्टेशन बाराला लागतं. तोवर पेपर वाचा."

दुसरा नेम स्वयंपाकाचा. जे शिजेल, चिरलं जाईल, कालवलं जाईल ते आधी देवापुढे आणि मग जिभेवर. मध्ये चाखून बघायचं नाही. हा नेमही माझाच, पण माझ्या धाकट्या जावेनं तो आपणहून उचलला. लग्न होऊन आली त्या आठवड्यात तिनं मला भाजी न चाखता उतरवताना पाहिलं आणि म्हणाली, "मग मीपण नाही चाखणार. एका ओट्यावर दोन कायदे नकोत." सहा वर्षं तिचा हात नुसत्या अंदाजानं मीठ घालत आला. अंदाज कधी चुकला नाही.

हे दोन्ही आधीच सांगून ठेवते, कारण त्या गुरुवारी जे झालं ते या दोन नेमांच्या आडोशाला झालं. नेमांनी केलं नाही, मी केलं.

धाकटीला नोकरी हवी होती. आमच्यापासून दोन तासांवर एक मोठं जंक्शन आहे, तिथे स्टेशनसमोर एका बाईंची खानावळ आहे. देशोदेशींचे प्रवासी उतरतात, त्यामुळे तिथे तऱ्हेतऱ्हेचं रांधावं लागतं. मालकीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं, "तळून, परतून कुणीही वाहवा मिळवतं. गुरुवारी मी तुमच्याच गावावरून जाणार आहे, साडेबाराला येते. चूल न पेटवता केलेलं काहीतरी खायला घाला, मग बोलू."

धाकटीनं इटलीतलं पावाचं सॅलड ठरवलं. कुठल्याशा मासिकातून कापलेली त्याची कृती वर्षभर आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. पंधरा दिवसांत तिनं ते दोनदा करून पाहिलं. जाड सालीचा, दोन दिवसांचा पाव पाण्यात भिजवून पिळायचा, टोमॅटोला मीठ लावून चाळणीत निथळत ठेवायचे, खाली जे पाणी पडेल त्यातच तेल आणि सिरका घालून ते पावाला पाजायचं. वर ताजं चीज आणि हिरवा पाला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पाटीवर लिहिलं होतं, पाहुण्यांना शिळा पाव?

"ताजा घातला तर लगदा होतो, ताई. इथे शिळ्याचाच मान. जगात एक तरी पदार्थ असा निघाला की नाही?"

मग तिनं बेसिलची पानं माझ्या नाकाशी धरली. मी तुळस असं लिहिणार तोच म्हणाली, "तुळस नाही. तुळशीची जाऊ म्हणा हवं तर. दिसायला तशीच, पण देवघरात घेत नाहीत बिचारीला."

अशी ती. सकाळभर बोलणारी. मी गप्प आणि ती बोलतेय, यात माझी सहा वर्षं कशी गेली ते मला कळलं नाही. आमच्या ह्यांना मौनाचा नेम घ्यावा लागला नाही, ते जन्माला येतानाच घेऊन आलेत. दीर मालाच्या ट्रकवर, आठवड्यातून दोन रात्री घरी. म्हणजे घरात जो काही आवाज होता तो तिचा.

नोकरीचं मला ठाऊक होतं. मी धरून चालले होते की ती सकाळच्या गाडीनं जाईल आणि संध्याकाळी परत येईल. तिचा डबा काय करायचा याचाही मी विचार करून ठेवला होता.

त्या गुरुवारी सकाळी आम्ही दोघी ओट्याशी उभ्या होतो. चीज आदल्या संध्याकाळचं. दूध तापवून, लिंबानं फाडून, फडक्यात बांधून रात्रभर नळाला टांगलेलं. "चूल काल पेटली होती, ते मालकीणबाईंना सांगून टाकायचं हं," ती म्हणाली. "मागनं कळलं तर वाईट दिसतं." पाव तुकडे करून भिजत घातला होता. दीड किलो टोमॅटो मी चिरत होते. साडेदहाच्या सुमारास तिचा फोन वाजला. "तेवढे चाळणीत टाकून ठेवा, ताई," म्हणून ती गॅलरीत गेली.

मी टोमॅटो चाळणीत टाकले, दोन चमचे मीठ मोजून लावलं, खाली पातेलं ठेवलं. मग रोजच्या सवयीनं पाटी ओढून लिहिलं, मीठ घातलंय. आमच्याकडे हे लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. चाखून कळायची सोय नसलेल्या घरात ज्यानं मीठ घातलं त्यानं ते सांगायचंच असतं.

गॅलरीचं दार अर्धं उघडं होतं.

"हो रे, दोन खोल्या. खानावळीच्या वरच," ती दिरांना सांगत होती. "खिडकीतून रूळ दिसतात म्हणाल्या. तुझा माल तिथेच उतरतो ना, मग रोज रात्री घरी. आज जमलं तर पुढच्या महिन्यात सामान हलवू." जरा थांबली. "नाही, ताईंना अजून नाही बोलले. तूच सांग तुझ्या वहिनीला. मला नाही जमायचं."

शेवटचं वाक्यही मी ऐकलं होतं. पण त्या क्षणी मला ऐकू आलं ते फक्त सामान हलवू.

तिच्या चपलांचा आवाज दाराशी आला आणि मी पदरानं पाटी पुसली.

मी विचार करून पुसली नाही, असं लिहायचा मोह होतो. एवढंच खरं की माझा हात माझ्या आधी निघाला. पण पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. ती आली, चाळणीकडे पाहिलं, मिठाचा डबा उघडला. एक चमचा. खडू माझ्या बोटांत होता. दुसरा चमचा. तिनं दोन्ही हातांनी टोमॅटो वरखाली केले आणि म्हणाली, "आज पाणी लवकर सुटलंय. टोमॅटो रसाळ मिळाले, शकुन चांगला आहे."

मग माझ्याकडे वळली. "अगंबाई, पदराला खडू लागलाय." आणि ओले हात बाजूला धरून, मनगटानं, तिनं माझा पदर झटकून दिला.

त्यानंतरचा तास मी काकडीच्या चकत्या केल्या, कांदा पातळ चिरून पाण्यात टाकला. मनाशी म्हणत होते, मला बोलता येत नाही, माझा नेम आहे. पाटी समोर होती. खडू समोर होता. नेम मोडायचा प्रश्नच नव्हता, दोन शब्द लिहायचे होते. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा त्या मौनाच्या मागे लपले. एकदा वाटलं, तिचा अंदाज आहेच की, तिनं घाईत कमी घातलं असेल. मी स्वतः मोजले होते ते दोन आणि तिचे दोन, हिशेब काही अवघड नव्हता.

ती बोलतच होती. पिळलेला पाव मोकळा करता करता म्हणाली, "देवानं मला तुमची जाऊ केलं ते उगीच नाही, ताई. नावातच जाणं लिहिलंय माझ्या." हसली, पण माझ्याकडे न बघता. सांगायला सुरुवात करत होती बहुतेक. मी मान वर केली नाही, तेव्हा तिनंही विषय पुढे नेला नाही.

बाराचे ठोके पडले. तिनं मोठं काचेचं भांडं देवापुढे आणून ठेवलं. लाल, पांढरं, हिरवं, दिसायला सुरेख झालं होतं. "लागलं स्टेशन," ती म्हणाली. "दाखवा देवाला, ताई. अर्ध्या तासात बाई येतील."

बारानंतर माझ्या तोंडातून पहिला शब्द निघतो तो देवाचं नाव. मी हात जोडले. नाव काही येईना. समोर भांडं, त्यात मी काय घातलंय ते आम्हां दोघांना माहीत, मला आणि त्याला. ते मी त्याच्यापुढे कुठल्या तोंडानं सरकवू. मी बोटांनी टोमॅटोची एक फोड आणि पावाचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

"ताई?" धाकटी घाबरूनच गेली.

जीभ आत ओढली गेली, इतकं खारट होतं. "मीठ," मी म्हटलं. "मी आधीच घातलं होतं. साडेदहाला."

तिनं एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले. मग म्हणाली, "पाटीवर लिहायचं राहिलं होय?"

"लिहिलं होतं."

"मग मलाच दिसलं नाही. फोनच्या नादात होते. माझंच चुकलं."

एवढ्यावर थांबता आलं असतं. तिनं दार उघडून दिलं होतं, मी फक्त बाहेर पडायचं होतं.

"पुसलं मी," मी म्हटलं. "तू येताना ऐकू आलीस तेव्हा. फोन ऐकला होता तुझा."

ती माझ्या पदराकडे बघत राहिली. पांढरा पुसट पट्टा अजून होता, तिनं झटकूनही सगळा गेला नव्हता.  भांडं उचलून स्वयंपाकघरात गेली, मी मागोमाग गेले. काय करू, मी विचारलं. तिनं पाटी ओढली, खडू घेतला आणि लिहिलं, पाव.

उरलेला अर्धा पाव मी काढून दिला. तिनं तो साध्या पाण्यात बुडवला. खालचं खारट पाणी मोरीत ओतलं, टोमॅटोच्या फोडी वेचून चाळणीत घेतल्या आणि नळाखाली धरल्या. पुन्हा पाटी, काकडी. मी काकडी चिरली. टोमॅटो. संध्याकाळसाठी ठेवलेले तीन होते, ते चिरले. चीज सगळं. त्यात मिठाचा कण नव्हता, तेच उपयोगी पडलं. पंचवीस मिनिटं ती लिहीत होती आणि मी हं, हो, देते, म्हणत होते. सहा वर्षं ती अशीच माझ्यासमोर बोलत आली, तेव्हा तिला कसं वाटत असेल, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी तिनं एक घास चाखला. थोडं तेल घातलं. परत चाखला.

मालकीणबाई साडेबाराला आल्या. ठेंगण्या, पिशवी मांडीवर धरून बसणाऱ्या. अर्धी बशी खाल्ली. "मीठ एक बोट जास्त आहे," म्हणाल्या. "पाव मात्र बरोबर. पाव कळणारे हात फार नसतात. चाखून पाहिलं होतं?"

मी दाराशी उभी होते. धाकटीनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आमच्या घरी आधी चाखत नाहीत," ती म्हणाली. "आज शेवटी चाखलं. आणि चीजसाठी काल चूल पेटवली होती."

"माझ्याकडे चाखावं लागेल."

"चाखीन."

"मग एक तारखेला या."

त्या गेल्यावर मी बशा धुवायला घेतल्या. ती शेजारी येऊन पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "एवढ्या पाट्या भरल्यात सहा वर्षांत, ताई. 'जाऊ नकोस' एवढं लिहायचं होतं."

"लिहिलं असतं तर राहिली असतीस?"

"नाही." बशी पुसून तिनं जागेवर ठेवली. "पण वाचलं तर असतं मी."

तिचं सामान दिरांच्याच ट्रकमधून गेलं, एकतीस तारखेला सकाळी नऊला. माझी मौनाची वेळ. मधल्या दिवसांत आम्ही बोलत होतो, काय न्यायचं, काय ठेवायचं, सगळं नीट बोलत होतो. निघताना ती दाराशी आली आणि म्हणाली, "जाऊ?"

निघताना 'येते' म्हणतात, एरवी मी रागे भरले असते. पाटी हातात होती. मी लिहिलं, ये.

तिनं वाचलं. दोनदा वाचलं असावं, शब्द एवढासा होता तरी. "हे पुसू नका," ती म्हणाली. हसत म्हणाली की टोचून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी पुसलेलं नाही. पाटी ओट्याच्या कोपऱ्यात तशीच आहे. सकाळी तिच्यावर दुसरं काही लिहायची वेळ येत नाही, हे आठलाच बाहेर पडतात. मीठ घातलं की मी आता मोठ्यानं मोजते, मनातल्या मनात मोठ्यानं. बारा वाजले की देवापुढे बसते. नाव येतं, पण त्याच्या आधी जिभेवर थोडं खारट येतं, आणि ते गिळल्याशिवाय नाव घेता येत नाही.