सहा न्यायाधीशांचं एक टेबल

त्या काळी वॉशिंग्टन म्हणजे चिखल, आणि चिखलात लांब लांब उभी असलेली घरं. त्यातलं एक विधवा मिसेस टेलफरचं. हिवाळ्यात न्यायालय भरलं की देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे सहाही न्यायाधीश तिच्याकडे उतरत आणि एकाच टेबलावर जेवत. ही पद्धत मुख्य न्यायाधीश हॅथवेंनी पाडलेली. खटल्याची चर्चा सूपबरोबर सुरू व्हायची, आणि जेवण आटोपेपर्यंत सहांचं एकमत झालेलं असायचं. मग सगळ्यांचा मिळून एकच निकाल. पूर्वी प्रत्येक जण आपापला निकाल वाचायचा, आणि लोक घरी जाताना एकमेकांना विचारायचे, जिंकलं नक्की कोण?

त्या वर्षी बॉस्टनकडचे पेल नवे आले. हुशार, पण ताठ. माझं ताट वर खोलीत पाठवा म्हणाले. नव्या पुलामुळे धंदा बुडालेल्या होडीवाल्यांचा खटला चालू होता; त्यात ते वेगळा निकाल लिहिणार होते, आणि मग बिऱ्हाडही हलवणार होते. मिसेस टेलफरला पुढचं दिसलं. एक गेला की बाकीचेही पांगणार, आणि घर ओस पडणार.

हॅथवे स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले. विस्कटलेले केस, घसरलेले मोजे.

"बाई, आम्ही सहा तोंडांनी बोललो तर आमचं ऐकणार कोण? आणि हा माणूस खालीच येत नाही."

"येईल कसा? महिनाभर तुमच्या व्हर्जिनियाचं हॅमच शिजतंय या घरात."

शनिवारी तिनं बॉस्टनच्या पद्धतीनं खारवलेला कॉड मासा शिजवला, वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. वास जिना चढून गेला. ताट मात्र वर गेलं नाही. मासा गरमच खायचा असतो, असा निरोप गेला.

पेल खाली आले.

हॅथवेंना त्या माशाचा वासही सोसत नसे. तरी त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि पेलना बोलू दिलं. अर्धा तास मध्ये एक शब्द टाकला नाही. पेलचं म्हणणं एवढंच होतं की तीस वर्षं होड्या चालवणाऱ्यांसाठी निकालात एक ओळही नाही.

"खरं आहे," हॅथवे म्हणाले. "तेवढा भाग तुम्ही लिहा. मी जसाच्या तसा वाचतो."

"माझ्या नावानं?"

"कुणाच्याच नाही. न्यायालयाच्या."

पेलनी माशासाठी ताट पुढे केलं.

सोमवारी मिसेस टेलफर न्यायालयाच्या दाराशी उभी राहून ऐकत होती. एकच निकाल वाचला गेला. होडीवाल्यांचा भाग आला तेव्हा पेलचे ओठ आवाज न करता हलत होते. त्या दिवशी जेवणाची घंटा व्हायच्या आत ते टेबलाशी येऊन बसले. बिऱ्हाडाचा विषय पुन्हा निघाला नाही.

हॅथवे हळूच स्वयंपाकघरात डोकावले.

"बाई, तो मासा आता केव्हा केव्हा?"

"दर शनिवारी."

"आणि माझं काय?"

"तुम्ही मुख्य," ती म्हणाली. "तुम्हाला आधी वाढणार."