सायकलच्या अंगात आलं

सायकल घुमत होती.

माणूस घुमताना मी पाहिलाय. पण त्या दिवशी वळ गावच्या मैदानात तीन-चारशे माणसं हात जोडून उभी होती आणि मधोमध स्टँडवर चढवलेली तुळशीरामची सायकल घुमत होती. हँडलवर जरीची शाल, पुढच्या मडगार्डला हळदकुंकू, मागचं चाक गरागरा फिरतंय. एक चेला पायडल मारत होता आणि दुसरा शालीखाली हात घालून हँडल धरून उभा होता, सायकलनं कुणाला धडक देऊ नये म्हणून.

कडीनाथ महाराजांनी लिंबू ओवाळलं आणि दरडावलं, "बोल! कोण हायस तू? पुरुष हायस?"

सायकल गप्प.

"बाई हायस?"

ट्रिंग ट्रिंग!

गर्दीच्या तोंडून एकदमच "अगं आई" निघालं. तुळशीरामचे चुलते दामूकाका यांनी धुळीतच लोटांगण घातलं. सायकलला लोटांगण घालणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मी हरेश. मैदानाच्या कोपऱ्यावर माझं किराणा दुकान आहे, त्यामुळे हे सगळं मला गल्ल्यावर बसल्या बसल्या दिसायचं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. तरीही मी तोंड उघडलं नव्हतं, आणि त्याचं कारण पुढे सांगतो.

मुळात प्रकरण होतं साधं. तुळशीराम मानकोलीच्या एका गोदामात रखवालदार. सकाळी सातची ड्युटी. एका महिन्यात त्याच्या सायकलची चेन पाच वेळा तुटली, आणि पाचही वेळा एकाच ठिकाणी, रस्त्याखालच्या मोरीजवळच्या चढावर. चेन खांद्यावर टाकून, सायकल ढकलत, घामाघूम होऊन तो गोदामावर पोचायचा तेव्हा पावणेआठ झालेले असायचे. पाचव्या वेळी सुपरवायझर म्हणाला, "तुळशीराम, अजून एकदा उशीर झाला तर गेटवर दुसरा माणूस दिसेल." घरात दोन मुली शिकतायत, बायकोला दम्याचा त्रास. तुळशीरामची झोप उडाली.

नेमके त्याच आठवड्यात गळ्यात जाडजूड चेन घातलेले कडीनाथ महाराज गावात उतरले. मैदानात मंडप पडला, भोंगा लागला.

"चेन म्हंजे काय?" महाराज भोंग्यावर विचारायचे. "एकशे बारा कड्या! आणि माणसाची पापं किती? एकशे बारा! एका पापाला एक कडी. पाप फुगलं की कडी तुटली!"

कुणीतरी म्हणालं, "महाराज, माझ्या चेनीला एकशे दहाच हायत."

"दोन पापं अजून करायची हायत तुला," महाराज म्हणाले. लोकांना ते इतकं पटलं की त्या माणसाची बायको आठवडाभर त्याच्यावर पाळत ठेवून होती.

उपचार असा असायचा. आधी चेला चेनीला अंगारा चोळायचा. मग महाराज तांब्याच्या लोट्यातलं तीर्थ ओतायचे. ओतलं की चेनीवर फसफसून पांढरा फेस! "भुताच्या तोंडाला फेस आला बघा!" महाराज गरजायचे. आलेल्या प्रत्येक सायकलला फेस आला. एकही सायकल निर्दोष निघाली नाही.

गंमत म्हणजे महाराज येण्याआधी गावात चेन तुटायची ती एकट्या तुळशीरामची. महाराजांच्या उपचारानंतर पंधरा दिवसांत सात जणांच्या तुटल्या. यावरून गावानं निष्कर्ष काढला की भूत भयंकर चिडलंय आणि महाराज अजून महिनाभर थांबायला हवेत.

आणि मग सायकलनं घंटी वाजवून सांगितलं, मी बाई आहे.

"कुठं बसतेस?" महाराजांनी विचारलं. "चढावर?" ट्रिंग ट्रिंग. "टोपली घेऊन?" ट्रिंग ट्रिंग ट्रिंग!

सगळ्या माना एकदम वळल्या. सीताबाई गर्दीच्या कडेला उभी होती. मोरीच्या चढावर वीस वर्षं भाजी विकणारी. वाडीतला लाल माठ, मुळा, भेंडी घेऊन सकाळी सहाला बसायची. नवरा कधीच गेलेला, मुलगा टेम्पो चालवतो. तिला आधी काही कळेना. मग कळलं, तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला.

महाराजांनी निकाल दिला. हिचीच नजर चेनीला लागते. रविवारी सकाळी सगळ्या गावासमोर सीताबाईनं सायकलच्या पाया पडायचं आणि चढावरची जागा कायमची सोडायची. त्यावर चावडीत दोन तास चर्चा रंगली. सायकलचे पाय कुठले? एक पक्ष म्हणाला चाकं. दामूकाका म्हणाले, "पायडल! नावातच पाय हाय." तेच ठरलं.

मधल्या चार दिवसांत सीताबाईची एक जुडी विकली गेली नाही. बायका रस्ता ओलांडून पलीकडून जायच्या. शुक्रवारी ती माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"हरेश, माझ्या नजरंनं चेन तुटतं, तर माझ्या पोराच्या टेम्पोला कसं काहीच व्हत न्हाय? त्याच्याकडं तं मी रोज बघतंय." मग हळूच म्हणाली, "तू शिकलेला हायस. तू तरी बोल की."

मी मान खाली घालून लिंबं पिशवीत भरत राहिलो. महाराजांचीच ऑर्डर होती. रोज शंभर लिंबं जायची. मी गप्प का होतो, ते आता तुम्हाला कळलं असेल. सांगताना आजही मान वर होत नाही.

शनिवारी संध्याकाळी धम्मदिना साबण घ्यायला आली. ही पलीकडच्या आळीतली मुलगी, आयटीआय झालेली. मानकोलीच्या एका गोदामात खोकी वाहणारे लांबलचक पट्टे चालतात, त्यांच्या चेनी आणि मोटरी सांभाळायचं काम तिच्याकडे. माझ्यासमोरच चेला लिंबं आणि खाण्याच्या सोड्याची पाकिटं घेऊन गेला.

"हरेशकाका, एवढा सोडा? महाराज भजी तळतात काय?"

"रोज नेतात," मी म्हणालो.

ती पायरीवरच थांबली. "अंगारा, तीर्थ, फेस," ती स्वतःशीच पुटपुटली आणि खळखळून हसली. मग एकदम गंभीर झाली. "काका, तुम्हाला माहीत होतं?"

"अंदाज होता."

तिनं साबणाचे पैसे ठेवले. साबण घेऊन निघून गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवारी मैदान फुल्ल. सीताबाईला मुलानं धरून आणलं होतं. ती पायडलसमोर वाकणार, एवढ्यात धम्मदिना पुढे आली. कामावरचा निळा शर्ट, हातात पान्हे आणि रॉकेलची बाटली.

"महाराज, भूत अजून चेनीतच आहे ना?"

"हाय तर!"

"मग पाया पडायच्या आधी एकदा दाखवा. फक्त अंगारा नको. नुसतं तीर्थ."

महाराज अडखळले. "अंगाऱ्याशिवाय भूत उठत न्हाय."

"झोपलेलं असलं तरी भूतच की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. लोकांनाही आता उत्सुकता लागली होती.

धम्मदिनानं रॉकेलच्या फडक्यानं चेन लखलखीत पुसली आणि लोटा उचलून तीर्थ ओतलं. चेन ओली झाली. बाकी काही नाही. मग तिनं चेल्याच्या ताटलीतला अंगारा चिमूटभर घेतला, सरळ महाराजांच्या छातीवरच्या जाड चेनीवर टाकला आणि वर तीर्थाची धार धरली.

फस्स! महाराजांच्या गळ्यात फेसच फेस.

"महाराजांना धरलं!" दामूकाका किंचाळले आणि चार पावलं मागे सरले.

आता मी बोललो. उशीर झाला होता, पण बोललो. "कुणी धरलेलं न्हाय. राखेत खाण्याचा सोडा हाय आणि तीर्थात लिंबाचा रस. दोन्ही माझ्याच दुकानातलं. घरी सोड्यावर लिंबू पिळून बघा, तिथंही भूत निघंल."

धम्मदिनानं तेवढ्यात हँडलवरची शाल ओढली. शालीखाली हात घालून उभ्या असलेल्या चेल्याचा अंगठा घंटीवर होता. घाबरून त्यानं तो दाबला. ट्रिंग ट्रिंग! या वेळी मात्र पोट धरून हसण्याचा आवाज आला.

"मग माझी चेन तुटते कशी?" तुळशीरामचा आवाज रडवेला होता. त्याला हसू येत नव्हतं. त्याची नोकरी पणाला लागली होती.

धम्मदिनानं सायकल उलटी केली. "ही बघा दादा. चेनीची दोन टोकं जोडणारी कडी. हिच्यावर ही छोटी पत्र्याची पट्टी, चेनलॉक. हिचं एक तोंड बंद, एक उघडं. चेन ज्या बाजूला धावते तिकडं बंद तोंड पाहिजे. तुमचं उलटं बसवलंय. कुणी बसवलं?"

"मीच," तुळशीराम म्हणाला. "दर वेळी मीच बसवतो."

"आणि हे चेनीवरचं कव्हर आत चेपलंय. कंटेनरनी मोरीपाशी खड्डा पाडलाय. तिथं गचका बसला की चेन उसळते, लॉकचं उघडं तोंड कव्हरला अडकतं आणि लॉक सटकतं. लगेच पुढं चढ. तुम्ही उभं राहून पायडलवर जोर देता आणि कडी सुटते. चेन तुटत नाही दादा, उघडते."

"आणि आमच्या?" बाकीचे सात जण पुढे सरसावले.

"लिंबाच्या रसानं तेल धुतलं, राख कड्यांत शिरली, गंज चढला. चेनीला तेल लागतं. तुम्ही तिला लोणचं घातलंत."

तिनं कव्हर ठोकून सरळ केलं, लॉक सुलटं बसवलं, तेल सोडलं. तुळशीरामनं सायकल घेतली आणि सगळ्यांदेखत चढावर नेली. खड्ड्यातून मुद्दाम गेला. एकदा, दोनदा, दहादा. मग उतरला आणि सीताबाईसमोर येऊन उभा राहिला.

"मावशी, पाची वेळा माझे काळे हात तूच धुतलेस. तुझ्या घड्यातलं पाणी संपवलं मी. आणि तुझं नाव आलं तवा मी गप बसलो."

सीताबाईनं पदर सावरला. "तू एकटाच न्हाय बसलास गप," ती म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, तरी मला लागलं.

महाराज मंडप गुंडाळायच्या घाईत होते. धम्मदिनानं सीताबाईला सांगितलं, बाईला असं भूत-चेटकीण ठरवणं हा कायद्यानं गुन्हा आहे, तक्रार करता येते. "करायची," सीताबाई म्हणाली. साक्षीदार म्हणून मी पोलीस ठाण्यात गेलो आणि लिंबा-सोड्याचं सगळं लिहून दिलं. दामूकाकांचं मात्र अजूनही म्हणणं आहे की भूत होतंच, फक्त ते रॉकेलला घाबरलं.

त्यांना समजावणं चालू आहे. तुम्हाला एवढंच सांगतो. चेन तुटली तर चेन बघा. ताप आला तर डॉक्टर गाठा, पीक गेलं तर माती तपासा. प्रत्येक बिघाडाचं कारण त्या बिघडलेल्या वस्तूतच कुठेतरी असतं, पण ते शोधायला खाली बसून हात काळे करावे लागतात. रस्त्याकडेला बसलेल्या एखाद्या बाईकडे बोट दाखवायला हात काळे करावे लागत नाहीत. म्हणून ते सोपं वाटतं, आणि म्हणूनच ते करू नका.